वहिनीला हवी होती एक तक्रार

आमच्या वहिनीकडे सगळं होतं, फक्त तक्रार नव्हती. साबणाचा ब्रँड होता, टूथब्रशचा होता, आणि दोन वर्षांपूर्वी काढलेला मोज्यांचा ब्रँड तर असा धावत सुटला, की दादा नोकरी सोडून घरात खोकी बांधायला बसला. तिन्हींचा नियम एकच. दुकानात एक नग विकला गेला की तसाच दुसरा वृद्धाश्रमात जाणार. तोच माल, तेच पाकीट. ‘दानाचा माल जरा हलका चालतो’ असं सुचवणाऱ्या व्यापाऱ्याला तिने चहा संपायच्या आत दार दाखवलं होतं.

प्रत्येक पाकिटावर तक्रारीसाठी फोन नंबर. विकत घेणारे मनसोक्त भांडत. एका गृहस्थाने तर डावा मोजा कुठला आणि उजवा कुठला यावर अर्धा तास डोकं खाल्लं. ज्यांना फुकट मिळे ते मात्र फक्त आभार मानत. आभाराची पत्रं यायची, चित्रं यायची. वहिनी ती वाचून तोंड पाडून बसायची. मोजे पायांत जातात की घडी होऊन कपाटात, हे त्यातून कळायचंच नाही.

आता हिवाळ्यासाठी बारा हजार जोड विणायचे होते. शुक्रवारी यंत्र सुरू होणार, आणि वहिनीच्या जिवाला चैन नव्हतं.

“अगं, तक्रार नाही म्हणजे सगळं उत्तम आहे,” दादा म्हणाला.

“तू जेवताना काही बोलत नाहीस,” वहिनी म्हणाली, “म्हणजे भाजी उत्तम असते का?”

दादा खोकी बांधू लागला. चिकटपट्टी नेहमीपेक्षा जरा जास्तच ताणून.

शुक्रवारी सकाळी वहिनी चपला घालत होती तेवढ्यात फोन वाजला. वृद्धाश्रमातल्या एक आजी होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. फुकटच्या वस्तूला नावं ठेवू नयेत, असं तिथल्या सगळ्यांनी बजावल्यामुळे दोन हिवाळे त्या गप्प होत्या. पण पाकिटावर नंबर छापलाय, तो काही शोभेसाठी नसावा, असं त्यांनी अखेर ठरवलं.

“तुमचं इलॅस्टिक पोटरीत रुततं,” बाई म्हणाल्या. “आमचे पाय संध्याकाळपर्यंत सुजतात. मी मोजे काढून ठेवते आणि गारठते.”

वहिनी एका पायात चप्पल घालून नाचायची तेवढी बाकी राहिली. तिने बाईंना पुन्हा सांगायला लावलं, दादाला ऐकवलं, मला हाक मारून ऐकवलं. वैतागून बाईंनी विचारलं, की तुम्हाला एकदा सांगितलेलं समजत नाही का. त्यावर वहिनी आणखीच खूश.

मग तिने विणकराला यंत्र थांबवायला सांगितलं. धागा चढवलाय म्हणून तो करवादला. चढवलेला उतरव, म्हणाली, आणि टेप घेऊन वृद्धाश्रमात पोचली. बाईंनी तोंड उघडलेलं पाहून सगळ्यांनाच कंठ फुटला. वहिनीने एकवीस जणांच्या पोटऱ्या सकाळी मोजल्या, संध्याकाळी पुन्हा मोजल्या. घरी आली तेव्हा तिचा चेहरा परीक्षेत पहिली आल्यासारखा.

तीन आठवड्यांत विणकराने रुंद, सैल काठाचे तीन नमुने विणले आणि बाईंनी ते नापास केले. चौथा जोड मात्र त्यांनी अख्खा दिवस घातला. संध्याकाळी वहिनीसमोर तो काढला, चष्मा लावून स्वतःची पोटरी न्याहाळली, बोट फिरवलं. वळ नव्हता.

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या.

वहिनीने तिथूनच विणकराला फोन लावला. बाराच्या बारा हजार, आत्ताच्या आत्ता सुरू कर, असं ती सांगत होती. बाई मोजा उलटा करून उजेडात धरून बसल्या होत्या.

“ही टाचेची शिवण कोणी घातली?” त्यांनी विचारलं.

“थांब रे,” वहिनी फोनमध्ये म्हणाली, आणि हसू दाबत बाईंशेजारी पलंगावर बसली.