कांचनच्या दाराबाहेरचे बूट

आमच्या ह्यांना, म्हणजे हेमचंद्रांना, पगारच संशय घेण्याचा मिळतो. मिनिआपोलिसमध्ये थर्मोस्टॅट बनवणारी एक कंपनी आहे, तिथे ते क्वालिटी कंट्रोलमध्ये आहेत. इतरांनी धडधाकट म्हणून पाठवलेली वस्तू हातात घ्यायची आणि ती कुठे दगा देईल ते शोधायचं. वीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरी येऊन वेगळं काय करणार? ओव्हन बंद आहे हे मी सांगितलं तरी ते स्वतः जाऊन बघतात. ब्रेडच्या पाकिटावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचतात, कारण त्यात चरबी असू शकते. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला आमच्यातल्या शैलानं चकल्या आणल्या, तर तेल कुठलं वापरलं याची चौकशी त्यांनी तिच्या नवऱ्याकडे वेगळी केली आणि दोघांची उत्तरं ताडून पाहिली. मंडळात सगळे त्यांना इन्स्पेक्टर म्हणतात. त्यांना त्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं.

आमची कांचन याच घरात वाढली. ती खोटं बोलली नाही असं मी म्हणणार नाही, पण आई म्हणून सांगते, खोटं बोलायची तिला फारशी गरजच पडली नाही. खरं सांगितलं तरी चौकशी तेवढीच व्हायची. पंच्याऐंशी साली कॉलेजतर्फे एक वर्ष म्युनिकला जायची संधी आली, तेव्हा ती मोठ्या आनंदानं बॅगा भरू लागली. वीस वर्षांची पोर घरातून निघताना इतकी हलकी दिसावी, हे मला आवडलं नव्हतं.

तिची पत्रं नियमानं येत. हे पत्राआधी पाकिटावरचा शिक्का वाचत. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी आम्ही फोन लावला, तर तो एका पुरुषानं उचलला. मग बराच वेळ कुणी बोललं नाही आणि मग कांचन आली, धावत आल्यासारखी. क्रिसमसला घरी येणार नाही म्हणाली. तिथला क्रिसमस बघायचाय, बाजार भरतो, गाणी असतात, इथे मॉलशिवाय असतं काय? ह्यांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. शिकायला गेली की बाजार बघायला, एवढंच एकदा म्हणाले.

त्या आठवड्यात त्यांनी रजा काढली आणि विमानाची तिकिटं आणली. तिला न कळवता जायचं, सरप्राइज म्हणून. मला वाटलं, चला, निदान युरोप तरी दिसेल. मग पाकीट उघडून पाहिलं तर जायची तिकिटं दोन होती आणि यायची तीन. तिसऱ्यावर कांचनचं नाव होतं.

"तिथे कुणी असला तर ती आपल्याबरोबर परत येईल," ते म्हणाले. "वर्ष गेलं तर गेलं."

मी भांडले. दोन दिवस स्वयंपाकघरात बोलले नाही. ती हुशार आहे, तिथे तिचं चांगलं चाललंय, तुम्ही तिला असं उचलून आणलंत तर ती जन्मभर विसरायची नाही, हे सगळं सांगून झालं. पण खरं सांगायचं तर त्या पुरुषाच्या आवाजानं माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली होती.

पाच डिसेंबरला दुपारी आम्ही म्युनिकला उतरलो. हॉटेलात बॅगा टाकल्या आणि तिच्या घराकडे निघालो. वाटेत मोठा चौक लागला आणि मी थांबलेच. लाकडी टपऱ्यांच्या रांगाच रांगा, प्रत्येकीवर दिवे, देवदाराच्या फांद्या, गवताच्या चांदण्या, येशूजन्माच्या देखाव्यातली लाकडाची बाळं आणि मेंढ्या. कुठेतरी दालचिनी आणि लवंग उकळत होती. अंधारून आलं होतं, बर्फ भुरभुरत होतं, आणि माणसं कामधाम नसल्यासारखी हातात वाफाळते कप धरून गप्पा मारत होती. मला त्या क्षणी फार सुखाचं वाटलं. हे मात्र पासपोर्टच्या खिशावर हात ठेवून चालत होते. साखरेत घोळलेले बदाम विकणाऱ्यानं चव बघा म्हणून दोन पुढे केले, तर फुकट का देतोय म्हणून ह्यांनी माझा हात मागे घेतला. पुढे एक पांढऱ्या दाढीचा माणूस उंच टोपी आणि लाल झगा घालून पोरांच्या घोळक्यातून चालला होता. सांताक्लॉज वीस दिवस आधीच कसा आला, यावरही ह्यांचा आक्षेप होता.

कांचन ज्या घरात खोली घेऊन राहत होती त्याच्या दाराशी एक म्हातारे गृहस्थ किल्ली लावत होते. त्यांनी आम्हाला बघून टोपी काढली, दार धरलं आणि काही न विचारता आत घेतलं. कुणालाही आत सोडतात, हे पुटपुटले. जिन्यातला दिवा बटण दाबल्यावर मिनिटभर लागायचा आणि आपोआप विझायचा. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तो दोनदा विझला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा आम्ही कांचनच्या दारासमोर होतो, आणि दाराबाहेर बूट होते.

पुरुषाचे बूट. मोठे, काळे, चकचकीत पॉलिश केलेले, एकमेकांना लावून नीट ठेवलेले.

आपल्या घरांत आत कोण आहे ते विचारावं लागत नाही. दाराबाहेरच्या चपला बघितल्या की कळतं, किती कप चहा टाकायचा. हे माझ्याकडे बघत होते. दोन दिवसांचं माझं भांडण त्या बुटांपाशी संपलं. त्यांनी खिशातून तिकिटाचं पाकीट काढून हातात धरलं आणि दार वाजवलं.

कांचननं दार उघडलं आणि तिचा चेहरा असा फुलला की तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. आई, म्हणाली, आणि माझ्या गळ्यातच पडली. हे आमच्या बाजूनं आत गेले. बर्फानं ओले झालेले बूट तसेच पायात ठेवून. त्यांनी पडदा सरकवला. कपाट उघडलं. मग वाकून पलंगाखाली पाहिलं. खोली एवढीशी होती, दुसरीकडे कुठे बघायला जागाच नव्हती.

"कुठाय तो?" त्यांनी विचारलं.

"हू?" कांचन म्हणाली.

त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती बाहेर गेली, दोन्ही बूट उचलून आणले आणि त्यांच्यासमोर धरले.

"बाबा, हे तुमचे आहेत. आपल्या गॅरेजमधले."

निघताना एअरपोर्टवर ह्यांनीच तिला बाजूला घेऊन बजावलं होतं. परक्या गावात एकटी राहणार, दाराबाहेर पुरुषाचे बूट ठेवत जा. मला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि हे स्वतः विसरले होते. सप्टेंबरपासून ते बूट तिथे होते. त्या संध्याकाळी मात्र ते तिनं पुसून चकचकीत केले होते, कारण इथली मुलं त्या दिवशी बूट दाराबाहेर ठेवतात आणि संत निकोलस, चौकात दिसला होता तोच, येऊन त्यात खाऊ टाकून जातो. घरमालकीणबाई तिला म्हणाल्या होत्या, तूही ठेव. खाली दारात भेटलेले म्हातारे गृहस्थ म्हणजे या बाईंचे वडील, आणि फोनवर आम्ही त्यांचाच आवाज ऐकला होता. जिना चढून तिला बोलवायला त्यांना वेळ लागतो.

हे सगळं ती शांतपणे सांगत होती. मग तिचं लक्ष ह्यांच्या हातातल्या पाकिटाकडे गेलं. तिनं ते घेतलं, उघडलं, स्वतःचं नाव वाचलं आणि तारीख वाचली.

"लोकांना वाटावं की आत माझे बाबा आहेत, म्हणून मी ते ठेवत होते," ती म्हणाली. "अँड यू ब्रॉट मी अ टिकेट."

ती रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. ती रडली नाही. मला माझीच लाज वाटली, कारण दाराबाहेर मीही गप्प राहिले होते. ह्यांनी काही बोलण्याआधी आपल्या पायांकडे पाहिलं. चटईवर चिखलपाणी झालं होतं. ते बाहेर गेले, बूट काढले आणि मोज्यांवर उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले.

"आत येऊ?" त्यांनी विचारलं.

कांचननं तिकीट पुन्हा पाकिटात घातलं, ते माझ्या हातात दिलं आणि खोलीतली एकुलती एक खुर्ची पुढे सरकवली.

"या. मी जूनपर्यंत इथेच आहे. तुम्हाला जे विचारायचं ते मला विचारा, बाबा. कपाटाला नको."

हे खुर्चीत बसले. मी त्यांना बावीस वर्षं ओळखते. ज्यात संशय नाही असा एकही प्रश्न त्यांना सुचत नव्हता. कांचन पलंगाच्या कडेवर बसून वाट बघत होती.