नाव न घेता सांगितलेलं नाव

सिरसाळ्याजवळच्या कापसाच्या जिनिंग मिलमध्ये बद्रीनाथ एकवीस वर्षं हजेरी कारकून होता. अक्षर मोत्यासारखं, पण त्या अक्षराचं कुणाला कधी काम पडलं नव्हतं. मागच्या हंगामात तिथं काम करणाऱ्या छबुबाईची दोन बोटं मशीनमध्ये गेली आणि चौकशीला छत्रपती संभाजीनगरहून कंपनीच्या एचआर विभागातल्या रोहिणी मॅडम आल्या. जबाब लिहून घ्यायला त्यांनी बद्रीनाथला बसवलं.

"इथं ऐकलेलं इथंच राहिलं पाहिजे, काका," त्या म्हणाल्या. त्यानं तसं लिहून सहीही दिली.

कासम फिटर आत येऊन बसला. मग बद्रीनाथकडं बघत म्हणाला, "मशीनवरची जाळी रविराज सायबांनी काढाय लावली. कापूस अडकला की लवकर मोकळा करता यावा म्हणून. मी दोनदा नको म्हणलो. माझं नाव तेवढं बाहेर जाऊ देऊ नका."

"चौकशीत ज्यांना कळणं भागच आहे त्यांच्यापलीकडं जाणार नाही," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर रविराजनं बद्रीनाथला आपल्या केबिनमध्ये चहाला बोलावलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच. खुर्ची दिली, घरच्यांची चौकशी केली, मग हळूच म्हणाला, "कोण बोललं माझ्यावर?"

"नाव न्हाई सांगता यायचं, साहेब."

"नाव कोण मागतंय?"

बद्रीनाथला त्या खुर्चीत बरं वाटत होतं. तो हसून म्हणाला, "ज्याच्या हातात पाना असतो, त्याला सगळं दिसतंच की."

मिलमध्ये फिटर एकच होता.

दोन दिवसांत दोन हमालांनी चौकशीत सांगितलं, की जाळी कासमनंच आपल्या मनानं काढली होती. कासमला कामावरून घरी बसवलं. गेटवर त्याची बद्रीनाथशी गाठ पडली.

"त्या मॅडमनंच फोडलं, बद्रीभाऊ. शहरातली माणसं अशीच. तुमी शेजारी बसलेले दिसले म्हणून तर मी तोंड उघडलं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. बद्रीनाथ म्हणाला, "व्हईल सगळं नीट." आणि हजेरीबुकात कासमच्या नावापुढं गैरहजेरी लावली.

पुढचे चार दिवस तो स्वतःशी वाद घालत राहिला. आपण नाव घेतलंच नव्हतं. पण रविराजनं नाव मागितलंच नव्हतं, हेही त्याला आठवत होतं. जेवण अर्धवट टाकून उठायचा. बायकोनं विचारलं, तर तिच्यावरच खेकसला. पाचव्या दिवशी दुपारी गोदामामागं उभं राहून त्यानं मॅडमना फोन लावला.

"मॅडम, कासमचं नाव माझ्याकडनं गेलं."

मॅडमनी एवढंच विचारलं, "लिहून द्याल?"

"देतो."

"तुमच्यावरही कारवाई होईल, काका."

"व्हऊ द्या."

त्याच मोत्यासारख्या अक्षरात त्यानं दोन पानं लिहिली. मॅडमनी हमालांना पुन्हा एकेकट्याला बसवलं, तसे ते फुटले; रविराजनं पढवलेलं बोललो, असं त्यांनी कबूल केलं. रविराजची नोकरी गेली. छबुबाईला भरपाई मंजूर झाली. बद्रीनाथला लेखी ताकीद मिळाली आणि हजेरीवरून काढून वजनकाट्यावर टाकलं.

कासमला कामावर परत बोलावणारं पत्र गेलं, पण तो परतला नाही. परळी रस्त्याला त्यानं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. बद्रीनाथ तिथं गेला. कासम पंप उघडून बसला होता.

"मी..."

"मॅडमचा फोन आलता. लई वाईट बोललो होतो मी त्यांच्याबद्दल. माफी मागितली."

"माझं चुकलं, कासम."

कासमनं हात पुसले. "हाताला काम हाय माझ्या, त्याचं काय न्हाई. पण तुमच्याकडं बघून बोललो होतो, बद्रीभाऊ. आता मी कुठं काय बघितलं तर बोलंन का न्हाई, मलाच म्हाईत न्हाई."

कासमनं बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. तेवढ्यात एक शेतकरी पंप घेऊन आला, आणि बद्रीनाथ बाजूला सरकून रस्त्याला लागला.