कानबाईला घातलेलं साकडं

लहानपणापासून माझी आमच्या खानदेशच्या देवीवर, कानबाईवर श्रद्धा. तरी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या वर्षी, ती माझं ऐकत नाही असं मला वाटू लागलं होतं. श्रावणात तिच्या रोटांच्या नैवेद्याचं जेवण झालं आणि उजव्या बरगडीखाली अशी कळ उठली की ती पाठीतून थेट खांद्यापर्यंत गेली. पुढे तेलातुपाचं काही खाल्लं की तेच. आमच्या पारोळ्यात सगळे म्हणत, पित्त झालंय. धुळ्याला सोनोग्राफी केली तेव्हा कळलं, पित्ताशयात खडे आहेत.

डॉक्टर शांत स्वभावाचे होते. म्हणाले, "मूतखड्यासारखे हे पाणी पिऊन पडत नाहीत, ताई. विरघळवायच्या गोळ्या आहेत, पण त्या थोड्यांनाच लागू पडतात आणि खडे पुन्हा होतात. तुम्हाला सारखं दुखतंय, तेव्हा पित्ताची पिशवीच काढलेली बरी. पित्त यकृतात तयार होतं, पिशवीत नुसतं साठतं. ती नसली तरी अन्न पचतं." मोठ्या शहरांत हे ऑपरेशन दुर्बिणीतून होऊ लागलंय, असं ते म्हणाले, आमच्याकडे मात्र पोट उघडूनच होई. माझी आई ऑपरेशनच्या टेबलावरच गेली होती. माझ्या पदरात दोन लहान मुली. घरी आले आणि कानबाईला साकडं घातलं, सुरी लागू न देता मला बरी कर.

मग बिनतेलाची भाजी, कुणी सांगितलेले काढे, लिंबाचा रस. थंडीत एक दिवस डोळे हळदीसारखे पिवळे झाले, हुडहुडी भरून ताप आला. यजमानांनी मला एसटीत बसवून धुळ्याला आणलं. डॉक्टर म्हणाले, खडा पित्ताच्या नळीत अडकलाय. ताप उतरला की ऑपरेशन, आता थांबणं जिवावर बेतेल. ताप उतरला, पण मी हो म्हणेना. यजमान माझे पाय दाबत बसले. ते औषधं आणायला खाली गेले आणि मला रडू फुटलं. माझ्या देवीनं मला टाकलं, एवढंच मनात येत होतं.

तेवढ्यात हातात डबा घेतलेली एक प्रौढ बाई माझ्या खाटेशी आली. बाळंतिणींचा वॉर्ड शोधताना चुकली होती. मला रडताना पाहून ती टेकली आणि काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. तिनं इकडंतिकडं पाहिलं, पदर बाजूला केला आणि बरगडीखालची तिरपी, फिकट झालेली खूण दाखवली.

"हाई देख. मनीबी पित्तानी पिशवी काढेल शे. आते मी बठ्ठं खास, वावरमा काम करस. घाबरू नको, माय." पिशवी काढूनही ती सगळं खात होती, शेतात राबत होती.

"मी कानबाईला सांगितलं होतं, सुरी नको म्हणून," मी म्हटलं.

ती हसली. "तिले काम सांग. कसं करानं ते तिले ठरावू दे."

माझे डोळे पुसून ती उठली. परत आलेल्या यजमानांनी तिला बाळंतिणींच्या वॉर्डापर्यंत पोहोचवलं. ते आले तेव्हा मी म्हटलं, डॉक्टरांना सांगा, मी तयार आहे.

ऑपरेशनच्या खोलीत नेताना मी हात जोडले. रोजची मागणी ओठांवर येईना. "तुझ्या हाती आहे, आई," एवढंच म्हटलं आणि कितीतरी महिन्यांनी अंग सैल सोडलं. खडे निघाले. पित्त बाहेर वाहून जायला आत बसवलेली रबरी नळीही काही दिवसांनी काढली. कावीळ ओसरली, आणि मुलींना पुन्हा कुशीत घेता आलं.

ती देवीच होती का, असं लोक विचारतात. मी सांगते, ती भाचीसाठी डबा घेऊन आलेली एक बाई होती आणि तिचा वॉर्ड चुकला होता. तो का चुकला, हे मी कधी विचारलं नाही. कानबाईपुढं बसते तेव्हा हात जोडते आणि गप्प राहते.