एकट्यानं न जेवणारा गेर्शोन

किबुत्झवर, म्हणजे इस्रायलमधल्या त्या सामुदायिक शेतवस्तीवर, आल्यापासून गेर्शोन एकदाही एकटा जेवला नव्हता. अठराव्या वर्षी तो आला तेव्हा त्या टेकडीवर दगड होते, तंबू होते आणि एकच पातेलं. जमीन सगळ्यांची, गाई सगळ्यांच्या, चपला आणि पोरंसुद्धा सगळ्यांची. भांडणं तेवढी ज्याची त्याची.

"माणूस खोलीत जेवायला लागला, की उद्या दाराला कुलूप लावतो," असं तो म्हणे. नव्यानं लग्न झालेल्या ब्रुरियानं खोलीत आमलेट केलं, तर त्यानं सभेत लांबलचक भाषण ठोकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आपापल्या खोलीत जाऊन त्यांनी काय काय तळलं, ते त्याला कधी कळलं नाही.

म्हातारपणी त्याला कळलं. सभेनं सगळ्यांचं एकत्र जेवायचं भोजनगृह बंद केलं आणि लग्नाच्या ठेकेदाराला भाड्यानं दिलं. विरोधात हात एकच.

सचिव तिर्त्सा ही ब्रुरियाचीच लेक. ती समजूत घालायला आली.

"गेर्शोन, तुला नवी शेगडी देतो ना आम्ही."

"शेगडी तुला लखलाभ. मला माणसं हवीत."

"माणसं आता आपापल्या घरी असतात."

"मग त्यांना माणसं कशाला म्हणतेस?"

संध्याकाळी तो नेहमीच्या वेळी भोजनगृहात गेला. आत लग्न होतं. वधूकडच्यांना तो वराचा आजोबा वाटला, वराकडच्यांना वधूचा. दोन्हीकडच्यांनी त्याला आग्रह करकरून वाढलं. कित्येक लग्नं अशी सुखात गेली. पण तत्त्वाला भरल्या पोटीही झोप येत नाही. एका वरबापाला त्यानं सगळ्यांसमोर झापलं.

"अर्धं ताट टाकलंस? आणि उचलणार कोण, तुझा बाप?"

ठेकेदारानं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. "पुन्हा दारात दिसलास तर पोलीस बोलावीन."

त्या दारात तो पुन्हा दिसला नाही. दुसऱ्या लग्नाला तो मागच्या दारानं गेला. पाहुण्यांचं उरकलं होतं. स्वयंपाकघरात लांब टेबलाशी आचारी, वाढपी, भांडी घासणारे असे सगळे जेवायला बसत होते. शेजारच्या गावची स्वयंपाकीण नजाह काकडी-टोमॅटो चिरत होती.

"काय बाबा, हाकललं?"

"हाकललं."

"बस मग. पण ताट आपलं आपण धुवायचं. इथं कुणी कुणाचा नोकर नाही."

हे सगळे पगारी नोकर होते. गेर्शोन तिच्याकडे बघतच राहिला. मग बाकावर सरकून बसला. कुणीतरी त्याच्यापुढे भाकरी ढकलली. त्यानं तुकडा मोडला आणि थांबला. कोपऱ्यात खोक्यावर एक वाढपी पाठ करून जेवत होता.

"ए पोरा! एकटा जेवतोस? लाज वाटत नाही?"

"एकटा कुठे, बाबा? फोनवर बायको आहे."

"मग तिला कोपऱ्यात का बसवलंस?" गेर्शोननं बाकावर जागा केली. "टेबलावर आण तिला."