दाजींनी बसवलेली पेट्रोलची नळी

बोटीतलं मला काहीही कळत नाही, ही गोष्ट माझ्या सासुरवाडीत मी सोडून सगळ्यांना ठाऊक होती. पण माझी सासुरवाडी पडली धायरीची. तिथे जावयाला तोंडावर कुणी काही बोलत नाही! मी रखरखीत उन्हात "आज पाऊस पडणार" म्हटलं, तरी सासरे छत्री शोधायला उठतात.

माझ्या मेव्हण्याने, संतोषने, एक जुनी मोटारबोट घेतली. पानशेतच्या पाण्याकाठी आपटे नावाच्या गृहस्थांचं रिसॉर्ट होतं. तिथल्या पाहुण्यांना फिरवायचं काम त्याला हवं होतं. रविवारी आपटे स्वतः बोटीत बसून बघणार आणि पसंत पडली तर काम पक्कं. ह्या भरवशावर संतोषने नोकरी सोडून दिलेली! घरात सगळ्यांना नुसता उत्साह चढला होता, आणि सर्वांत जास्त मला!

शनिवारी सकाळीच मी पाने-पक्कड घेऊन काठावर हजर. टाकीतून इंजिनाकडे जाणारी पेट्रोलची नळी बोटीच्या मधूनच आडवी गेली होती.

"संतोष, ही पायात येते. कडेने फिरवू या!"

"दाजी, दुपारी मेकॅनिक येनार हाय..."

"मेकॅनिक कशाला? मी आहे ना!"

संतोषने सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी आभाळाकडे पाहिलं. "जावईबापू म्हनत्यात म्हंजी बरोबरच आसंल," ते म्हणाले आणि मेकॅनिकला 'येऊ नको' सांगायला गेले.

खरं सांगतो, काम देखणं झालं! नवी नळी, बोटीच्या कडेने सरळ रेषेत, जागोजागी क्लिपा, कुठे थेंबभर गळती नाही. (फोटो आहेत. कुणी बघायला मागत नाही.) मी तिथेच थांबायला हवं होतं.

पण टाकीच्या डोक्यावरून आणखी एक बारीक नळी निघाली होती. ती इंजिनाकडे जातच नव्हती! बोटीच्या कडेला नुसतीच बाहेर उघडी. मी नाक लावलं. पेट्रोलचा वास! म्हणजे रात्रंदिवस इथून पेट्रोल उडून जात होतं, फुकट! मी नारायण पेठेतला माणूस. काही फुकट जाताना दिसलं की मला झोप लागत नाही. मी त्या नळीत पितळी बूच ठोकलं, वरून क्लिप आवळली आणि टाकीचं झाकणही दोन्ही हातांनी पिळून बंद केलं.

"दाजी, ती नळी कशाला तरी आसंल की," संतोष चाचरत म्हणाला.

"असेल. आता नाही!"

रविवारी आपटे, सासरे, माझी बायको सुमन, संतोष आणि मी असे निघालो. बोट अशी सुसाट सुटली की आपट्यांची टोपी उडाली. मी सर्वांना वाकून नळीच्या क्लिपा दाखवत होतो. आणि बरोबर पाण्याच्या मधोमध इंजिन बंद!

"पेट्रोल संपलं असेल," म्हणत मी टाकीचं झाकण उघडलं. फुस्स! आत पेट्रोल भरपूर. झाकण पुन्हा आवळलं, संतोषने दोरी ओढली आणि इंजिन चालू!

"बघा, माझा हात लागला फक्त!" मी ओरडलो.

थोडं पुढे गेलो आणि पुन्हा बंद. मी झाकण उघडलं, फुस्स, झाकण लावलं, इंजिन चालू. पुन्हा बंद!

"आपली बोट टाकीत डोकावल्याशिवाय चालत नाही का?" आपट्यांनी शांतपणे विचारलं.

नळीतच कचरा अडकला असणार! मी माझी देखणी नळी काढून तोंडाने ओढली. कचरा आला नाही, पेट्रोल आलं. पुढे दोन दिवस मला वरणालाही तीच चव लागत होती. मी थुंकत असताना संतोषने वल्हं हातात घेतलं. त्याचा चेहरा उतरला होता. पोराचं काम माझ्यापायी बुडत होतं, आणि तो म्हणतो काय, "दाजी, जरा बसा. दमला आसाल."

सुमन मात्र टाकीकडे बघत होती. प्लास्टिकच्या टाकीचे गाल पार आत गेले होते.

"अहो, तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं का पाडतो?"

"तेल ओतायला."

"तेल एकातून येतं. दुसऱ्यातून?"

"दुसऱ्यातून हवा आत..." मी बोलता बोलता थांबलो. मग जाऊन त्या बारीक नळीतलं बूच उपटलं. टाकीने सुस्कारा सोडावा तसा आवाज आला आणि तिचे गाल पुन्हा वर आले. नळी जोडली, दोरी ओढली, इंजिन धडधडलं! काठापर्यंत तर गेलोच, वर दोन फेऱ्या जास्तीच्या मारल्या. सासरे टाळ्या वाजवत होते!

"बोट उत्तम आहे," आपटे उतरल्यावर म्हणाले. "काम तुमचं. फक्त एक अट. मेकॅनिक बदला."

संतोषने मान खाली घातली. "मेकॅनिक न्हाईत ते, सायेब. मेकॅनिक आसता तर कवाच बदलला आसता. जावई हायेत आमचं."

आपट्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग संतोषच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग अट राहू द्या," ते हळूच म्हणाले. "तुमच्या डोक्याला आधीच पुष्कळ ताप आहे."

संतोषला ते काम माझ्यामुळेच मिळालं, असं मी आजही चारचौघांत अभिमानाने सांगतो!