उणे चार हजार ओळी

क्रांती वानखडे म्हणजे आळशीपणाचा कळस. तिचीच कबुली आहे ही. "आशय, एकच काम दोनदा करायचं म्हटलं ना यार, की माझ्या अंगावर काटा येतो." माहेर अकोल्याचं, राहते दिल्लीत आर. के. पुरमला, नवऱ्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये. त्याची बदली झाली की हिची नोकरी सुटते, असं दोनदा झालं. आता नोएडात आमच्या कंपनीत सहा महिन्यांचं प्रोबेशन. इथेही कायम झाले नाही तर पुन्हा कंप्युटरला हात लावणार नाही, असं तिने मला सांगून टाकलं होतं.

आम्ही हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. रुग्ण, डॉक्टर, औषध, बेड अशा अकरा गोष्टींची माहिती डेटाबेसमध्ये ठेवायची, शोधायची, नको ती काढून टाकायची. मी काय केलं? रुग्णाचा कोड लिहिला आणि दहा वेळा कॉपी-पेस्ट करून नावं बदलली. आमचे जयंत सर ओळी मोजून काम जोखतात, त्यामुळे मी तर हिरो!

क्रांतीने आल्या आल्या एकच मूळ क्लास लिहिला, म्हणजे सगळ्यांचा सामाईक साचा. ठेवणं, शोधणं, काढणं तिथे एकदाच. बाकीच्यांनी फक्त सांगायचं, मी रुग्ण, मी बेड. उरलेलं सगळं वारशाने मिळतं. माझ्या चार हजार ओळी साफ! सरांच्या तक्त्यात तिच्या नावापुढे आलं, उणे चार हजार. सर भडकले, "काम किया है या मिटाया है?" माझा कोड परत बसला आणि तिचं कायम होणं लटकलं. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या.

मग हॉस्पिटलवाल्यांसमोर डेमो. सरांनी यादीतून सात नंबरचा बेड काढून टाकला. बेड जागच्या जागी, सात नंबरचा रुग्णच गायब! बोंबला! बेडच्या कोडमध्ये एका ठिकाणी मी नाव बदलायचं विसरलो होतो, तिथे 'रुग्ण'च राहिलं होतं.

सर घसरले क्रांतीवर, "तुमने ही हाथ लगाया था ना?" ती पांढरीफटक. गप्प बसलो असतो तर मी सुटलो असतो आणि ती घरी बसली असती.

"सर, ओळी माझ्या, तर चूकही माझीच," मी म्हणालो. "तिचा क्लास लावून बघा." लावला. बेड गेला, रुग्ण राहिला.

शुक्रवारी तिला कायम झाल्याचं पत्र मिळालं. ते हातात धरून बाई ढसाढसा रडली. आणि मला दिलं तिच्याच हाताखाली! सोमवारी येऊन बघतो तर माझ्या कीबोर्डवरचं कॉपीचं 'सी' आणि पेस्टचं 'व्ही', दोन्ही बटणं उपटून तिने आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवलेली, वर कुलूप.