चौदा नंबरच्या फ्यूजची पोच

राजरत्न गमरे भोईवाड्याच्या आमच्या करीमजी चाळीत राहतो, माझ्या भिंतीला भिंत लागून, चौदा नंबरात. वय अडतीस. लोअर परळच्या टॉवरांमधल्या लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्याबद्दल लिहावं असं खूप आहे, पण आधी माझं सांगावं लागेल, कारण त्याचं जे नुकसान झालं ते मी केलं. चाळीत आता सगळे त्यावर बोलतात. जसं झालं तसं मात्र कोणी सांगत नाही.

मी सुभद्रा. शिक्षण सातवी. कायदा मला कुठल्या वकिलाने शिकवला नाही, वॉर्ड ऑफिसच्या बाकड्यावर बसून शिकले. पाणी, संडास, गळकं छप्पर, पुनर्विकास, सगळ्यांसाठी भांडले. माझा नियम एकच: तोंडी बोलायचं नाही. लेखी द्यायचं, दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. समोरच्याची सही, तारीख आणि ‘मिळाला’ एवढा शब्द. मग साहेब कितीही मोठा असो, ‘मला कुठे माहीत होतं’ म्हणायची सोय राहत नाही. अर्ध्या चाळीला मी हे शिकवलं. राजरत्नलाही.

त्याचा बाप दौलत गायन पार्टीत पेटी वाजवायचा. जयंतीच्या महिन्यात त्याला घरी जेवायला वेळ नसायचा. पोराने सोळाव्या वर्षी गिटार धरलं. दोन-तीन वर्षं बँजो पार्टीत मिरवणुकांमागे वाजवलं, मग म्हणाला, मला मेटल वाजवायचंय, ते गर्जणारं रॉक. त्याच्यासारखेच नोकरीवाले आणखी तिघं जमले. बँडचं नाव ठेवलं ‘जादा वजन’. लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली की जो कर्कश आवाज येतो ना, त्यावरून.

चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत मेटल वाजवायचं कसं? त्याच्याकडे पोळपाटाएवढी एक काळी पेटी आहे. वर पायाने दाबायची बटणं. मोठमोठ्या अॅम्प्लिफायरच्या आवाजांची नक्कल तिच्या आत भरलेली असते. गिटारची वायर तिच्यात, हेडफोन कानाला. सगळी गर्जना त्याच्या कानात, आणि भिंतीपलीकडे मला फक्त तारांची टिकटिक. तरी मी त्याला सोडायची नाही.

“काय रे, गाणं बसवतोयस की लाद्या कापतोयस?”

“मावशी, एकदा ऐक तरी. मग शिव्या दे.”

एकदा ऐकलं. त्याने हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला आणि सगळं फुल करून वाजवलं. माझे दात हलले.

“हा आवाज सगळे करतात,” तो म्हणाला. “गेन, म्हणजे आवाजाची खरखर, ती फुल, बास फुल. घरात एकट्याला एकदम भारी वाटतो. ड्रमबरोबर वाजवला की नुसता भुसा. आता हा ऐक.”

दुसरा आवाज लहान होता, पण छातीवर कोणी हात आपटावा तसा लागला.

“ह्याच्यात गेन अर्ध्यावर आणलाय. खालचा घुमारा आधीच कापला, मधला आवाज वर घेतला. आणि हा गेट. हात थांबला की आवाज तिथेच बंद, दार लावल्यासारखा.”

“सगळं कमीच केलंस की. मग जड कसा लागतो?”

“दोन ठोक्यांच्या मध्ये काहीच नाही ना, मावशी. म्हणून.”

अकरा गाण्यांचे अकरा आवाज त्याने तीन वर्षं कामावरून आल्यावर बसून जमवले आणि पेटीत साठवले. त्यातलं एक गाणं बापाच्या पेटीच्या चालीवर होतं. लोअर परळच्या एका हॉलमध्ये त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला, शनिवारी. त्याला तेरा दिवस उरले होते तेव्हाची ही गोष्ट.

रविवारची दुपार. दुसऱ्या दिवशी पुनर्विकासाची सुनावणी होती आणि मी जमिनीवर कागद मांडून बसले होते. तेवढ्यात घर्रर्र सुरू झालं. थांबे, पुन्हा घर्रर्र. डोकं उठलं. मी भिंतीवर दोनदा मूठ आपटली. काही फरक नाही. माझ्या मनात आलं, आज साहेब हेडफोन काढून वाजवतायत. चाळीसाठी मी मरतेय आणि ह्याला मस्ती सुचतेय.

त्याचं दार चार पावलांवर. मीटरबोर्ड खाली, जिन्याजवळ. बावीस पायऱ्या. मी बावीस पायऱ्या उतरले. रामू वायरमनने प्रत्येक फ्यूजवर मार्करने खोलीचा नंबर लिहून ठेवलाय. चौदा नंबरचा पांढरा फ्यूज मी खसकन उपटला.

घर्रर्र चालूच.

फ्यूज हातात घेऊन मी उभी. आवाज तळमजल्याच्या दुसऱ्या टोकावरून येत होता. तिथे राहणाऱ्या अक्षदाच्या मोरीत नव्या लाद्या बसत होत्या आणि मिस्त्री कटर चालवत होता.

फ्यूज घाईने परत खोचला, वर आले, कागदांसमोर बसले. थोड्या वेळाने राजरत्न दारात. तोंड उतरलेलं.

“मावशी, तुझी लाइट गेलेली काय गं?”

“नाही,” मी म्हटलं. खरं तेवढंच बोलले त्या दिवशी.

“माझी गेली. पेटीत नवं सॉफ्टवेअर टाकत होतो. स्क्रीनवर लिहिलेलं, मध्येच वीज बंद करू नका. मी नाही केली गं. पण पेटी गेली.”

“गेली म्हणजे?”

“चालू होतेय. आत काही नाही. सगळे आवाज पुसले. आधी कॉपी काढून ठेवा असं पण लिहिलेलं. मी म्हटलं, पाच मिनिटांचं तर काम आहे.” कपाळावर हात मारून तो म्हणाला, “तू कायम सांगतेस, लिहून ठेव, प्रत ठेव. माझीच चूक.”

तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण त्याची बायको सुरुची मागून आली आणि म्हणाली, “मावशी, हे वायरिंगचं काहीतरी कराच. अर्ज लिहा मालकाला. तुमच्या अर्जाला ते घाबरतात.”

आणि मी लिहिला. वीस वर्षांत एक खोटा अर्ज केला नाही म्हणून छाती पुढे काढणारी मी. ‘विषय: जुनाट वायरिंग व वायरमनच्या हलगर्जीमुळे वीजपुरवठा खंडित होऊन रहिवाशाचे झालेले नुकसान.’ हलगर्जी हा शब्द माझ्या हाताने लिहिला. राजरत्नने विश्वासाने सही केली. मालकाच्या मॅनेजरकडून मी पोचही घेतली.

पुढचे दिवस भिंतीपलीकडे टिकटिक चालू. पूर्वी तो गाणी वाजवायचा, आता एकच ठोका. वाजव, थांब, काहीतरी फिरव, पुन्हा तोच ठोका. मी जेवताना तो ठोका, मी केस विंचरताना तो ठोका. सुरुची नळावर म्हणाली, “बाकीचे जमतायत हळूहळू. बापाच्या गाण्याचा आवाजच सापडेना. तो एका बैठकीत कानाने लावलेला, कुठे आकडे टिपलेले नाहीत. काल म्हणाला, ऐकू येतोय, पण सापडत नाही.”

आठव्या दिवशी रामू आला. पन्नाशीचा माणूस, आत येईना, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“ताई, मॅनेजरनं मला उद्यापासून येऊ नको सांगितलं. तुमच्या अर्जावरून.”

मी पाट पुढे सरकवला. तो बसला नाही.

“बोर्ड बघून आलो मी. वायर ठीक आहे. फक्त चौदा नंबरचा फ्यूज उलटा बसवलाय. आकडा डोक्यावर उभा. बावीस वर्षांत मी एक फ्यूज उलटा बसवला नाही, ताई.” त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. “घाईत असेल कोणीतरी.”

एवढं बोलून गेला. त्याने ओरडायला हवं होतं. ओरडणाऱ्याला गप्प करणं मला जमतं.

त्याच संध्याकाळी दोन अर्ज लिहिले. पहिला मॅनेजरला: फ्यूज मी काढला, रामूचा दोष नाही, आधीचा अर्ज मागे घेते. ज्या माणसाला मी वीस वर्षं पाणी पाजलं, त्याने तो दोनदा वाचला, हसला आणि न मागता पोच दिली. “सुभद्राबाई, अक्षर छान आहे हो तुमचं.” ऐकून घेतलं. रामू दुसऱ्या दिवसापासून कामावर आला. माझ्या दारावरून जाताना तो आता खाली बघतो. लाज मला वाटायला हवी आणि मान खाली तो घालतो.

दुसरा अर्ज राजरत्नला. दोन प्रतींत. तोंडी सांगायला गेले असते तर मी कटरला दोष दिला असता, सुनावणीला दिला असता. कागदावर तेवढी जागा ठेवली नाही. ‘दार ठोठावले नाही. खात्री केली नाही. विचारल्यावर लपवले. दुसऱ्यावर ढकलले.’

तो जमिनीवर बसून गिटारच्या तारा बदलत होता. वाचला. सुरुचीने त्याच्या खांद्यावरून वाचला आणि आत जाऊन स्टोव्हकडे तोंड करून उभी राहिली.

“मावशी,” तो म्हणाला, “दार चार पावलांवर होतं गं.”

“हो.”

“मी लाद्या कापत नव्हतो.”

“नाही.”

“शनिवारपर्यंत मला राग यायला वेळ नाही. ठेव तिथे.”

पोच मागायची माझी हिंमत झाली नाही. दोन्ही प्रती ठेवून आले.

शनिवारच्या कार्यक्रमाला मला कोणी बोलावलं नाही आणि मी गेले नाही. लोक उड्या मारत होते म्हणे. दहा गाणी झाली. अकरावं, बापाचं, त्याने वाजवलं नाही. ड्रमवाला म्हणाला, दुसऱ्या कुठल्या आवाजात वाजव, लोकांना काय कळतंय? राजरत्न म्हणाला, मला कळतंय. हे मला रामूकडून समजलं. त्याला बोलावलं होतं.

सोमवारी सकाळी दाराखालून एक कागद आत आला. माझीच दुसरी प्रत. खाली कोपऱ्यात, मी शिकवलं होतं तसं, तारीख आणि सही. वर लिहिलं होतं: ‘अर्ज मिळाला. वाचला. निर्णय बाकी.’

प्रत फाइलला लावली आहे. भिंतीपलीकडे परत तोच एक ठोका चालू असतो, वाजव, थांब, फिरव. बापाच्या गाण्याचा आवाज अजून सापडलेला नाही. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही की मी प्रत्येक ऑफिसला स्मरणपत्र पाठवते, कोणालाही सोडलेलं नाही. ह्या अर्जाला आज दोन महिने झाले. मी स्मरणपत्र लिहिलेलं नाही.